राष्ट्राचे बहात्तर तास

गुरुवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी काचकारखान्याची भट्टी विझली. म्हणजे, विझली नाही. विझली असं म्हणायची कारखान्यात कुणाला परवानगी नव्हती, सरकारदरबारी तशी नोंद नाही, आणि पुढे दोन देशांनी सह्या करून जो कागद केला त्यानुसार तर त्या आठवड्यात विझण्यासारखं काही घडलंच नव्हतं. तेव्हा भट्टी चालू आहे असंच आपणही धरून चालू या. निदान मिस्त्रींच्या समोर तरी.

मिस्त्री म्हणजे भट्टीमिस्त्री. वय अठ्ठावन्न, भुवया नाहीत. भुवया पहिल्याच वर्षी गेल्या. पुन्हा उगवायचा त्यांनी दोन-तीनदा प्रयत्न करून पाहिला, पण मिस्त्री दर वेळी भट्टीच्या झरोक्यापाशी तोंड नेत, त्यामुळे शेवटी भुवयांनीच नाद सोडला. ही भट्टी त्यांनी अकरा वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने, वीट न् वीट लावून बांधली होती, आणि पेटवली त्या दिवसापासून ती एक मिनिटही थंड झाली नव्हती. हौस म्हणून नव्हे. काचेच्या भट्टीचं असतंच तसं. आज बंद ठेवू, सोमवारी पेटवू, हे तिथे चालत नाही. आत बारा टन काच वितळलेली असते. आच उतरली की ती आधी मधासारखी होते, मग डिंकासारखी, मग दगड. दगड झाला की भिंती तडकतात, आणि मग तुमच्याकडे भट्टी उरत नाही, विटांच्या खोक्यात अडकलेला बारा टनांचा पेपरवेट उरतो.

कारखान्यात माणसं चाळीस. माल एकच. गॅसच्या पाइपावर दाब दाखवणाऱ्या तबकड्या असतात ना, त्यांच्यावर बसणारी गोल, जाड काच. देशातल्या प्रत्येक तबकडीवर याच कारखान्याची काच होती आणि शेजारच्या देशातल्या निम्म्या तबकड्यांवरही. त्यामुळे दाब उतरला की तो दोन्हीकडे अगदी स्वच्छ दिसे.

आणि दाब उतरायचा. देशात गॅस निघत नव्हता. तो वरच्या देशातून पाइपाने यायचा, आपल्या देशातून जायचा आणि खालच्या देशात संपायचा. वरच्यांचं म्हणणं, तुम्ही मधल्यामध्ये जास्त पिता. आपलं म्हणणं, पाइप आमच्या जमिनीतून जातो, थोडं सांडणारच. खालच्यांचं म्हणणं काय होतं ते कुणी विचारलं नव्हतं. दर थंडीत मंत्री एकत्र बसायचे, एकमेकांना बंधू म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी बंधूंचा दाब अर्ध्यावर यायचा.

"नळावरचं भांडण आहे, दाजी," मिस्त्रींचा मेहुणा समजावून सांगायचा. तो गॅसपुरवठा कचेरीत कारकून होता, त्यामुळे परराष्ट्र धोरण त्याला घरच्यासारखं होतं. "फक्त बादल्यांच्या जागी देश आणि बायकांच्या जागी मंत्री."

"बायका असत्या तर दुपारच्या आत मिटलं असतं," मिस्त्रींची बायको म्हणायची. ती त्याच कारखान्यात बांधणी खात्याची मुकादम होती. तयार काचा पेंढ्यात गुंडाळून खोक्यात भरायच्या हे तिचं काम, आणि एकही काच फुटता कामा नये हा तिचा स्वभाव. "आणि मेल्या, जेवताना पाय हलवू नकोस."

आता चूक कुठे झाली ते सांगायला हवं. चूक मिस्त्रींची होती.

तीन वर्षांपूर्वी मेहुणा असाच जेवायला आला होता आणि येताना कचेरीचा एक फॉर्म घेऊन आला होता. सगळ्या उद्योगांना तो भरायचा होता. प्रश्न एकच: गॅस पूर्ण बंद झाल्यास आपला उद्योग किती तास तग धरेल?

"आकडा टाका, दाजी. लोकांनी दोन-चार तास लिहिलेत. बेकरीवाल्याने तर अर्धाच लिहिलाय, आणि खाली टीप दिलीय, 'तोही रडत'."

शहाणपण कमी लिहिण्यात होतं. आकडा जितका लहान, तितकं गॅस तोडायच्या यादीत तुमचं नाव खाली. हे बेकरीवाल्याला कळलं, धोबीखान्याला कळलं, शेजारच्या गावातल्या दुसऱ्या काचकारखान्यालाही कळलं. मिस्त्रींना मात्र तो प्रश्न गॅसबद्दल आहे असं वाटलंच नाही. त्यांना वाटलं, ही भट्टी बांधली कुणी, असं सरकार विचारतंय.

"बहात्तर," ते म्हणाले.

"बहात्तर म्हणजे तीन दिवस, दाजी."

"मला पाढे येतात."

"दुसऱ्या काचवाल्यांनी वीस लिहिलेत."

"त्यांची भट्टी त्यांनी बांधलीय."

बायकोने भाजी वाढता वाढता नवऱ्याकडे पाहिलं. "कुणी मेडल देणार आहे का?"

"खरं ते लिहायला काय होतं?"

आणि तेव्हा ते जवळजवळ खरंही होतं. सगळे झरोके मातीने लिंपले, टाकी काठोकाठ भरलेली ठेवली आणि वर राखेचा थर दिला, तर ती भट्टी तीन दिवस आतल्या आत धुमसत राहिली असती. पण वितळलेली काच भिंतीला रोज थोडी थोडी चाटत असते. तीन वर्षांत दोन विटांची भिंत सव्वा विटेवर आली होती. मिस्त्रींना ते ठाऊक होतं. फॉर्मला ठाऊक नव्हतं.

इकडे आकड्याने प्रगती केली. कचेरीने अहवालात लिहिलं, काचउद्योगातील एका भट्टीची क्षमता सर्वाधिक, म्हणजे बहात्तर तास. जिल्ह्याच्या साहेबांना वाक्य लांब वाटलं, त्यांनी 'एका भट्टीची' काढलं. त्यांच्या वरच्यांनी 'काच' काढलं. मंत्रालयात पोचेपर्यंत त्या वाक्यात फक्त देश आणि बहात्तर एवढंच उरलं होतं.

मग तीन वर्षांनी, थंडीत बोलणी फिसकटली तेव्हा मंत्र्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि टीव्हीवर सगळ्यांच्या देखत सांगितलं, "कुणी आम्हाला धमकावू नये. हा देश गॅसशिवाय बहात्तर तास ताठ उभा राहू शकतो!"

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. "हा माझा आकडा आहे."

"बहात्तर काय तुमच्या एकट्याचे आहेत?" बायको म्हणाली.

मेहुणा एकदम पाण्याच्या पेल्याचं निरीक्षण करू लागला.

वरच्या देशाच्या मंत्र्यांनी ते भाषण शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी जाहीर केलं की त्यांना कुणाशी वैर नाही, घाई नाही, ते त्र्याहत्तर तास वाट पाहतील. मंगळवारी दुपारी एक वाजून वीस मिनिटांपासून.

हे रविवारी. सोमवारी सकाळी मिस्त्री स्वच्छ शर्ट घालून मंत्रालयात गेले. मेहुण्याने खोली सांगून ठेवली होती. तिसरा मजला, जिन्याच्या उजवीकडे, दारावर पाटी नाही. आत ज्या अधिकारीण बसायच्या त्यांना सगळी इमारत आकडेबाई म्हणायची. खोलीभर फायली बांधून रचलेल्या होत्या आणि बाईंच्या पायाशी गॅसची शेगडी निळी जळत होती. मिस्त्रींनी सवयीने तिच्याकडे पाहिलं. ज्योत चांगली होती.

"पन्नास करा, मॅडम," ते म्हणाले. "ओढूनताणून पन्नास."

"कशाचे पन्नास?"

"बहात्तरच्या जागी."

आकडेबाईंनी चष्मा काढला. "बोलणी अडलेली असताना तुम्ही देशाचे बावीस तास कमी करायला आलात?"

"देशाचे नाहीत हो. माझ्या भट्टीचे आहेत."

"होते. तुम्ही ते लेखी दिलेत. आता ते राष्ट्राचे आहेत."

"मग राष्ट्राला सांगा, भिंत पातळ झालीय."

"हे वाक्य पुन्हा बोलू नका." बाईंनी आवाज खाली आणला. "पलीकडच्या खोलीत परराष्ट्रवाले बसतात. भिंती ह्याही पातळच आहेत."

मिस्त्री खुर्चीच्या कडेवर बसले होते, ते आणखी कडेला आले. "मॅडम, चाळीस माणसं आहेत. एकदा गोठली की संपलं. बाकी हजारो कारखाने आहेत, त्यांचे आकडे घ्या ना."

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. माणूस म्हणून वाईट नव्हत्या त्या. "खरं सांगू का मिस्त्री? बाकी सगळ्यांनी खोटे आकडे दिलेत, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. खरा म्हणावा असा आमच्याकडे तुमचा एकच होता. म्हणून तर तो वर गेला." त्यांनी ड्रॉवर उघडून एक पिवळा कागद काढला. "वाढवायचा असेल तर अर्ज आहे. कमी करायचा अजून छापलेला नाही."

"छापणार कधी?"

"मागणी आली की. पण मागणीचा अर्जही पिवळाच लागतो."

मिस्त्री तो पिवळा कागद घडी घालून खिशात ठेवून परत आले. का घेतला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मंगळवारी एक वाजून वीस मिनिटांनी तबकडीवरचा काटा आजारी माणूस पलंगावर टेकतो तसा हळूच शून्यावर टेकला. काचेतून स्पष्ट दिसला. मिस्त्रींनी सकाळपासून माती मळून ठेवली होती. चाळीस जणांनी मिळून झरोके लिंपले, राखेचा थर दिला, दारांना जुनी गोणपाटं भिजवून लावली. फळ्यावर दर तासाला आच लिहायची ठरलं. पहिला आकडा चौदाशे दहा अंश.

रात्रीत ती बाराशेवर आली. बुधवारी सकाळी रिकामी लाकडी खोकी फोडून बाजूच्या तोंडातून आत ढकलायला सुरुवात झाली. मग कचेरीतली कपाटं. मग मालकांचं टेबल. मालक परगावी होते, त्यांनी फोनवर आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं, मग विचारलं की ड्रॉवरमधले कागद काढलेत ना. लाकडाने भट्टीला काय होणार? समुद्रात चमचाभर साखर घालून तो गोड करायचा प्रयत्न. पण हात बसून राहत नव्हते.

मेहुणा तासातासाला फोन करून प्रगती सांगत होता.

"दाजी, बोलणी छान चाललीत. एका टेबलावर बसायचं ठरलं."

"मग?"

"टेबल गोल की लांब, यावर अडलंय."

दोन तासांनी: "टेबल अंडाकृती. आपला मोठा विजय आहे म्हणतात."

"अरे, गॅस कधी?"

"गॅसचा विषय अजून निघाला नाही, दाजी. गॅसचा विषय काढला तर बोलणी फिसकटतील अशी भीती आहे."

बायकोने फोन हातातून ओढून घेतला. "हे बघ, तुझ्या त्या मंत्र्याला सांग, इथे आच अकराशेवर आलीय आणि माझ्या नवऱ्याने कालपासून पाणीसुद्धा उभ्यानेच प्यायलंय."

"ताई, मंत्र्यांना मी कसा सांगणार? मी तर गॅलरीतल्या शिपायाला विचारून सांगतोय."

गुरुवारी सकाळी आच नऊशेवर आली. झरोक्याची माती थोडी काढून मिस्त्रींनी आत लोखंडी सळई घातली. काच सळईला धरून बसली, सोडेना. दुपारी एकाने म्हटलं, मिस्त्री, जरा बसा. ते बसले आणि लगेच उठले. बसलेल्या माणसाला भट्टीचा आवाज नीट ऐकू येत नाही, म्हणाले.

चार वाजून वीस मिनिटांनी आवाज आला. मोठा नव्हता. जाड कपडा कुणी फाडावा तसा, भट्टीवरच्या कमानीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चाळीस माणसं जिथे होती तिथे थांबली. थोड्या वेळाने आतून, खोलवरून, दुसरा आवाज आला. भिंतीचा. एक्कावन्न तास झाले होते. एका तासाने जास्तच टिकली होती.

मिस्त्री खडू घेऊन फळ्यापाशी गेले. पाचच्या रकान्यात काहीतरी लिहायला हवं होतं. ते बराच वेळ उभे राहिले, मग खडू जागेवर ठेवून हात पँटला पुसले. बायको मागे येऊन उभी राहिली. तिने चारचौघांत त्यांच्या खांद्यावरची राख झटकली, आणि लग्नानंतरच्या तेहेतीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं.

सहा वाजता सरकारी गाडीतून स्वतः आकडेबाई आल्या.

"कुणाला सांगितलं नाहीत ना?"

"काय?" मिस्त्रींनी विचारलं.

"शाबास. असंच बोलत राहा." बाईंनी चिमणीकडे बोट केलं. "समोरच्या रस्त्यावर निळी गाडी उभी आहे. वरच्यांच्या वकिलातीचा माणूस आहे आत, दुर्बीण घेऊन. बहात्तर तासांत आपण कुठे मोडतो ते पाहायला बसलाय. अजून एकोणीस तास त्या चिमणीतून धूर निघाला पाहिजे."

मिस्त्रींनी बाईंकडे पाहिलं. "मॅडम, गॅसच्या भट्टीला धूर नसतो. अकरा वर्षांत ह्या चिमणीतून धूर निघालेला नाही."

"तुम्हाला माहीत आहे. त्याला माहीत आहे का?"

"तो गॅसच्या देशातून आलाय."

बाईंनी यावर विचार केला. "आदेश धुराचाच आहे," त्या म्हणाल्या.

मग धूर करायचं ठरलं. पेंढा बांधणी खात्याचा होता. मुकादमबाईंनी आधी तो द्यायला साफ नकार दिला, पेंढा काचेसाठी आहे म्हणाल्या. आता काच कुठली, हे त्यांना कुणी तोंडावर सांगेना. शेवटी त्या स्वतःच कोठारात गेल्या आणि पहिला भारा स्वतः उचलून आणला. चिमणीच्या बुडाशी ओला पेंढा पेटवला. चाळीस माणसं पाळीपाळीने मेलेल्या भट्टीचा धूर सांभाळत बसली. मिस्त्रींनी पाळी बदलून घेतली नाही. डोळे चुरचुरताहेत म्हणून ते सारखे पुसत होते, आणि धुराचं निमित्त चांगलं होतं.

शुक्रवारी सकाळी निळ्या गाडीतला माणूस खाली उतरला, फाटकापाशी आला आणि पहारेकऱ्याला अदबीने म्हणाला, "तुमच्या चिमणीला आग लागलीय, कळवावं म्हटलं." पहारेकऱ्याने आदेशाप्रमाणे सांगितलं की आमच्याकडे असंच असतं.

दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी त्र्याहत्तर तास भरले. दोन्ही मंत्र्यांनी घड्याळं पाहिली, हात मिळवले आणि पाच मिनिटांत सह्या केल्या. दोघेही जिंकले होते. तबकडीवरचा काटा उठला आणि सरळ आपल्या जागी गेला. पाइपात गॅस फुसफुसत होता. पुढे तडकलेल्या विटा होत्या, आणि आत बारा टन काच, हिरवट, थंड, जागच्या जागी. मिस्त्रींनी पुढे होऊन कॉक बंद केला.

खरी गंमत शनिवारी कळली. मेहुणा कराराची प्रत घेऊन आला आणि दारातच चप्पल न काढता उभा राहिला.

"ये की आत," बहीण म्हणाली.

"आधी ऐका. मग आत येऊ की पळू ते ठरवतो." त्याने वाचलं, "'हा करार मागील सोमवारपासून अमलात असल्याचे मानण्यात येईल, आणि तेव्हापासून पुरवठा अखंड होता याबाबत उभय देशांत एकमत आहे.'"

"म्हणजे काय?"

"म्हणजे वरच्यांनी गॅस तोडलाच नाही. आपण खालच्यांच्या वाट्याचा चोरून घेतलाच नाही. कुणाची चूक नाही, ताई. सगळे खूश आहेत."

"आणि भट्टी?"

मेहुण्याने चप्पल काढली. "गॅस बंदच झाला नाही, तर भट्टी कशाने विझेल? बंद पडलेल्या उद्योगांना मदतीची यादी आहे, त्यात आपलं नाव बसत नाही. मी दोनदा बसवून पाहिलं. नव्या भट्टीच्या विटा वरच्या देशातूनच येतात, त्यांच्या कचेरीला कळवलं, तर ते म्हणाले, चालू भट्टीच्या जागी दुसरी बांधायला विटा देता येत नाहीत. मालक म्हणतात, कागदोपत्री चालू आहे तर सोमवारी सगळ्यांनी कामावर यावं. काम काय, ते नंतर बघू. आले नाहीत त्यांनी नोकरी सोडली असं समजणार."

सोमवारी चाळीस जण वेळेवर आले, हजेरी लावली आणि भट्टीभोवती बसले. कुणीतरी सवयीने झरोक्यासमोर हात शेकायला धरले आणि मागे घेतले. मंगळवारी एकतीस आले. बुधवारी बावीस. गुरुवारी मिस्त्रींनी मेहुण्याला जेवायला बोलावलं आणि ताटाच्या शेजारी कोरा कागद ठेवला.

"लिही. तुला ती भाषा येते."

"दाजी, कशाला? वर कुणी वाचत नाही."

"बहात्तर वाचले होते."

मेहुण्याने पेन काढलं. मिस्त्री सांगत गेले, तो सरकारीत करत गेला. बायको मध्ये एकदाच बोलली. "खालच्या देशालाही प्रत पाठव, त्यांना कधी कुणी काही पाठवत नाही." वाद एकाच शब्दावर झाला. मेहुण्याला 'कृपया' घालायचं होतं. मिस्त्री म्हणाले, जे झालंच आहे असं ते स्वतः म्हणतात, ते मागायला कृपा कशाला?

तो कागद असा:

प्रति, संयुक्त गॅस आयोग, उभय देश.

विषय: करारानुसार झालेला पुरवठा प्रत्यक्षात करणेबाबत.

महोदय,

ज्याअर्थी करारानुसार मागील आठवड्यात गॅसपुरवठा अखंड होता. आणि ज्याअर्थी सदर गॅस खाली सही करणाऱ्याच्या भट्टीपर्यंत पोचलेला नाही, व तो वाटेत कोठे थांबला याची नोंद कोणत्याही देशाकडे नाही. आणि ज्याअर्थी आता सोडलेला गॅस सदर भट्टीस उपयोगाचा नाही. त्याअर्थी आमच्या वाट्याचा एक्कावन्न तासांचा गॅस मंगळवार दुपारी एक वाजून वीस मिनिटे ते गुरुवार दुपारी चार वाजून वीस मिनिटे या वेळेत, त्याच मंगळवारी, त्याच बुधवारी व त्याच गुरुवारी, पूर्ण दाबाने सोडण्यात यावा, आणि सोडण्यापूर्वी एक तास आधी आम्हास कळवावे, म्हणजे झरोके उघडून ठेवता येतील, ही विनंती.